मराठीसाठी एक दाबा

मॅडमनी माझा आवाज भर सभेत लावला.

हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जण होतो. पुढे खुर्च्यांवर ट्रस्टी आणि मुंबईहून आलेले दोन पाहुणे. त्यांच्या मागे समुपदेशक, मग नर्सेस. आया आणि सफाईवाल्या सगळ्यात मागे सतरंजीवर. मी कुठे बसायचं ते मला कळेना. मी आया म्हणून लागलेली, पण सहा महिने फोनवर बसत होते. शेवटी भिंतीला टेकून उभी राहिले.

मॅडम म्हणाल्या, "आपली फोनसेवा कशी नसावी, त्याचा एक नमुना ऐकवते."

लॅपटॉपचं बटण दाबलं. स्पीकरमधून मी ओरडले.

"हाय का रं तू? ए संतोष! डोळं मिटू नको. कळंब सोडलंस, आता कुठं आलास? सांग की रं!"

लांबून एका माणसाचा आवाज. जड. "पो... शीर."

"हां, पोशीर. पोशीरच्या फुडं काय लागतं? झोपू नको माज्या राजा. नेरळ म्हन. नेरळ म्हन रं!"

आधी नर्सेस हसल्या. 'माज्या राजा'ला सगळा हॉल फुटला. पाहुण्यांतल्या एकानं रुमाल तोंडाला लावला. सतरंजीवरच्या आमच्या बायकासुद्धा हसल्या, कारण पुढचे हसत होते.

मॅडमनी आवाज बंद केला. "अगं, तुमच्याकडे असंच बोलतात, मला माहीत आहे. तुझा दोष नाही. पण आपण संस्थेच्या नावानं बोलतो. लोकांना वाटेल मोलकरणीनं फोन उचलला."

समुपदेशकांना त्या तुम्ही म्हणायच्या. मला तू. आणि 'तुमच्याकडे' म्हणजे कुणाकडे, ते मला फोड करून सांगायची गरज नव्हती.

हॉलमधल्या एकानंही विचारलं नाही, तो माणूस जगला का?

जगला होता. त्या वेळी जगला होता.

हे केंद्र खालापूरच्या बाजूला आहे. व्यसनमुक्तीचं. नाव सांगत नाही. मॅडमचा धाकटा भाऊ गर्द ओढून मेला, त्याच्या आठवणीत त्यांनी ते काढलं. भावाचा विषय निघाला की त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. त्या वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी कर्जत तालुक्यातली. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला. दहावीनंतर रुग्णसेवेचा कोर्स केला, लग्न झालं, नवरा खोपोलीला कंपनीत. मुलगी झाली. ती चौथीत गेल्यावर मी केंद्रात आया म्हणून लागले. रोज वडापच्या जीपनं जायचं. गर्द सुटताना माणूस कसा थरथरतो, हगतो, रडतो, आईला शिव्या देतो, हे मी सात वर्षं पाहिलं. त्यांचं अंग मी पुसलं. त्यामुळे ते मला ताई म्हणायचे.

मग एक तरुण डॉक्टर आला. फोनची कल्पना त्याची. त्यानं आम्हाला बसवून सांगितलं, "माणूस इथून बरा होऊन जातो तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असतो. शरीराची सवय गेलेली असते. तो परत घेतो तेव्हा जुन्याच मापानं घेतो. तेवढ्यानं श्वास थांबतो. आणि घेतो एकटा, लपून. शेजारी कुणी असेल तर वाचतो. एकटा असेल तर मरतो."

म्हणून फोन. घरी गेलेल्याला आम्ही आठवड्यातून दोनदा फोन करायचा. आणि त्याला सांगून ठेवायचं, घेऊ नकोस. पण राहवलंच नाही तर घ्यायच्या आधी आम्हाला फोन लाव. आम्ही ओरडणार नाही, पोलिसांना सांगणार नाही. फक्त बोलत राहू. तू बोलायचा थांबलास की दुसऱ्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू आणि तुझ्या जवळच्या माणसाला पळवू. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत पोचली तर उतारा म्हणून इंजेक्शन असतं. ते दिलं की निळा पडलेला माणूस उठून बसतो.

समुपदेशकांनी फोन घेतले. पेशंट त्यांच्याशी बोलेनात. विचारायचे, "ताई हाय का?" डॉक्टर म्हणाला, "मग ताईंनाच द्या फोन." तो मला तुम्ही म्हणायचा.

मी एक वही केली. पेशंटचं नाव, तो कुठे काम करतो, दुपारी कुठे टेकतो, रेंज कुठे येते, हाकेला धावून येईल असा माणूस कोण, त्याचा नंबर. पन्नासच्या वर नावं झाली. वही माझ्या अक्षरात होती. अक्षर चांगलं आहे माझं.

संतोष त्यातलाच. ठाकरवाडीचा, एकतीस वर्षांचा. ट्रस्टच्या फुकटच्या खाटेवर तीन महिने होता. कळंबच्या बाजूला रिसॉर्ट आहेत, तिथल्या चादरी-टॉवेल गोळा करून नेरळच्या लॉन्ड्रीत टाकायचा टेंपो तो चालवायचा. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी त्याला गर्दची चव लावली. पाहुणे सोमवारी घरी गेले. हा अडकला. बायको वनिता, चार वर्षांची मुलगी.

त्या दिवशी दुपारी अडीचला त्याचा फोन आला. "ताई, घेतलं गं मी."

टेंपो रिसॉर्टच्या मागे लावलेला. आत एकटा. मी दुसऱ्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, वहीतून तिथल्या वॉचमनचा नंबर काढून त्याला पळवलं, आणि ते येईपर्यंत संतोषला जागं ठेवायचं म्हणून त्याच्या रोजच्या रस्त्यावरची गावं त्याच्याकडून म्हणवून घेतली. तो रस्ता त्याच्या अंगात होता. वॉचमननं त्याला कुशीवर वळवलं. गाडी आली. इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी तो टेंपो घेऊन कामावर.

तेच रेकॉर्डिंग मॅडमनी हसायला लावलं. तोवर डॉक्टर दुसरी नोकरी धरून गेला होता. मला सांगूनसुद्धा गेला नाही. त्याच्यावर माझा राग नाही. पण असे लोक येतात आणि जातात, हे मी लिहून ठेवते.

सभेनंतर मला एक छापील कागद दिला. 'नमस्कार. आपल्या आरोग्याची विचारपूस करण्यासाठी आम्ही संपर्क साधत आहोत.' महिनाभर मी तो कागद वाचला. दोन पेशंटनी बँकेचा फोन समजून कट केला. एक जण म्हणाला, "ताई, तू आजारी हायेस का?"

मला शुद्ध येत नाही असं नाही. हे मी लिहितेय ना? येतं. पाचवीत परिपाठाला बातम्या वाचायला बाईंनी मला उभं केलं होतं. मी पाणीटंचाईला 'पानीटंचाई' म्हणाले. बाई म्हणाल्या, "पा-णी म्हण." माझ्या तोंडून पुन्हा पानी. तिसऱ्यांदाही पानी. "बस खाली. तुमच्या घरी कुणी शिकवायचं तुला!" वर्ग हसला. त्या वर्षी मी रोज संध्याकाळी विहाराच्या मागे उभी राहून ण घोकला. आला. पण मरणाऱ्या माणसाला हाक मारताना ण नाही येत तोंडात. आईचं बोलणं येतं.

महिन्यानं नवीन सिस्टीम बसवली. मुंबईच्या कुठल्या तरी ऑफिसातून चालते म्हणे. फोन लावला की एक बाई बोलते, गोड, धुतलेल्या आवाजात. मराठीसाठी एक दाबा. समुपदेशनासाठी दोन दाबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग कुणी उचलेपर्यंत एक धून वाजत राहते, मी तिला पेटी म्हणते. केंद्राचा नंबर तोच ठेवला.

मला परत वॉर्डात पाठवलं. आयाचं काम दुसरीला दिलं होतं, म्हणून मला संडास-बाथरूम. पगार तोच. मॅडम म्हणाल्या, "तुझं नुकसान काहीच नाही केलं आम्ही." माझी वही फोनच्या टेबलाच्या खणात राहिली. ती कुणी मागितली नाही, तिच्यातलं एक नाव कुणी सिस्टीममध्ये चढवलं नाही. आणि मी ती हातात घेऊन कुणाच्या पुढ्यात आपटली नाही. मुलगी अकरावीला होती. मी गप्प बसले.

आता जे सांगायचं आहे, ते माझ्यावरचं आहे.

पंधरा दिवसांनी कर्जतला बाजारात संतोष भेटला. हातात मुलीसाठी घेतलेली प्लास्टिकची चप्पल. तोंड सुकलेलं. मला बघून खुलला.

"ताई, फोनवर ती भलतीच बाई बोलती. तू हायेस ना अजून?"

माझ्या हाताला फिनेलचा वास येत होता. मी हात पदराआड घेतले. भररस्त्यात याला कसं सांगू, की मला फोनवरून उठवून संडास धुवायला लावलं? ज्याला मी वाचवलं, त्याच्यासमोर तरी मला मोठं राहायचं होतं.

"हाय की," मी म्हणाले. "ती बाई आधी बोलती. मग मीच उचलते."

"मग बरं," तो म्हणाला. "मी लावीन."

त्यानं लावला.

तो मेला त्याच्या चौथ्या दिवशी वनिता गेटवर आली. गेटवाल्यानं मला हाक मारली, कारण ती "ताई, ताई" एवढंच म्हणत होती. मी बादली ठेवून गेले. तिनं कमरेची पिशवी सोडली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला त्याचा फोन काढला.

"ताई, त्याचा शेवटचा फोन तुमाला लागला व्हता. हे बघ. एकोनीस मिनटं." तिनं स्क्रीन माझ्यासमोर धरली. "काय बोलला गं तो? माजं काय म्हनला? पोरीचं काय म्हनला?"

तिला एवढंच पाहिजे होतं. नवरा शेवटी काय बोलला.

मी म्हणाले, "मला ठाव नाय." ती बघत राहिली. तिला वाटलं मी लपवतेय. मी लपवतच होते. गेटवाला म्हणाला, चला आता, मॅडम येतील. ती गेली. उन्हात चालत, फाट्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसबाहेरचा पॅसेज पुसत होते. दार अर्धं उघडं. आत मॅडम आणि समुपदेशक सर रेकॉर्डिंग ऐकत होते. पेटी वाजत होती. ती कसली धून आहे मला माहीत नाही, सतार आहे बहुतेक. मध्येच ती बाई, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि त्या सगळ्याच्या खाली, बारीक, संतोष.

"ताई... हायेस का? ताई, येक दाबलं मी."

पेटी.

"ताई, मी म्हनतो हां. कळंब सोडलं."

पेटी.

"पोशीर... पोशीर आलं, ताई."

त्याच्यापुढे नुसता घोरल्यासारखा आवाज. तो आवाज मला ओळखता येतो. त्या वेळी गाडी बोलवायची असते. पेटी वाजतच राहिली.

माझ्या हातातलं फडकं कधी पडलं ते कळलं नाही. सर म्हणाले, "हे बाहेर गेलं तर कठीण आहे." मॅडमनी डोकं धरलं होतं. मग दाराकडे बघितलं. मी दिसले.

"आत ये," त्या म्हणाल्या. "बस."

त्या खुर्चीवर मी सात वर्षांत पहिल्यांदा बसले.

"त्याची बायको आली होती म्हणे. तुला ओळखते ना ती? हे बघ, तू तिच्याशी बोल. तुमच्या भाषेत नीट समजाव. आम्हाला ते जमणार नाही. एवढंच तिच्याकडून म्हणवून घे, की त्यानं आपणहून उपचार सोडले होते. कॉल रेकॉर्ड होईल, तेवढं पुरे. गरीब बाई आहे, आपण तिला मदत करू."

आता माझी भाषा चालत होती.

सरांनी नंबर लावला. स्पीकर चालू केला. पलीकडून वनिता "कोन?" म्हणाली. मागे मुलगी काहीतरी मागत रडत होती.

मी बोलले. "वनिता, मी केंद्रातली ताई. हा फोन रेकॉर्ड होतोय. म्हनून नीट ऐक. संतोषनं त्या दुपारी फोन लावला, तो कुनीच उचलला नाय. एकोनीस मिनटं पेटी वाजली. त्यानं सारखी ताई म्हनून हाक मारली. कळंब म्हनला, पोशीर म्हनला. तो जगायला बघत व्हता गं. मला फोनवरनं काढलं व्हतं. त्याच्या जवळच्या वॉचमनचा नंबर माज्या वहीत हाय, तो कुनी लावला नाय. तुज्याकडचा फोन कुनाला दिऊ नको. कुनी पैसं दिलं तरी दिऊ नको. आनि अजून येक सांगायचंय, मी सोता..."

मॅडमनी फोन कापला.

"तुला कळतंय का तू काय केलंस?" त्यांचा आवाज चिरकला. "आम्ही तुला माणसांत आणलं!"

मी उठले.

"मानसांतच व्हते मी," मी म्हणाले. "आता हेबी लावा सभेत."

बाहेर येऊन फोनच्या टेबलाच्या खणातून माझी वही काढून घेतली. मागून सर "ती संस्थेची आहे" म्हणाले. हात मात्र लावला नाही त्यांनी. संध्याकाळच्या आत मला काढल्याचा कागद मिळाला. कारण: गैरवर्तन.

जे कापलं गेलं ते सांगायला मी दोन दिवसांनी ठाकरवाडीत गेले. शेवटची चढण पायी. वनिता अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून तिनं उठून पाणी दिलं. ते मी प्यायले नाही. आधी सांगितलं. बाजारात तो भेटला, त्यानं विचारलं, मी लाजेखातर खोटं बोलले. मी खरं सांगितलं असतं तर त्यानं त्या नंबराचा भरवसा धरला नसता. वॉचमनला हाक मारली असती. कदाचित.

सूप तिच्या हातात तसंच थांबलं.

"म्हंजे तू बी," ती म्हणाली.

मुलगी येऊन आईच्या पाठीला चिकटली. वनिता म्हणाली, "अर्ज करनार हाय मी. जबाब द्यायला येशील तर ये. पन माफ नाय करनार तुला."

"नको करू," मी म्हणाले.

त्याला आता वर्ष होत आलं. पोलिसांनी अकस्मात मृत्यू अशी नोंद केली. वनिताच्या अर्जावर तालुक्याला चौकशी लागली. चार तारखा झाल्या. दोनदा साहेब नव्हते, एकदा केंद्राच्या वकिलानं पुढची मागितली. आम्ही दोघी एकाच बाकावर बसतो. ती माझ्याशी बोलत नाही. मी भाकरी आणते, ती तिची तिची आणते.

वहीतल्या लोकांना मी माझ्या मोबाईलवरून फोन करून पाहिले. निम्मे नंबर बंद. तिघं गेलेत. कसे गेले ते घरचे सांगत नाहीत. काही जण अधूनमधून उचलतात. मी एकटी किती जणांना जागं ठेवणार? मी कामावर असते तेव्हा माझाही फोन पिशवीत वाजत राहतो. केंद्र चालू आहे, ती गोड बाईही चालू आहे. मागच्या आठवड्यात मी तो नंबर लावला. एक दाबलं. सतार ऐकत उभी राहिले. मीच कट केला.

चौथ्या तारखेला माझा जबाब झाला. कारकून टाईप करत होता. तरुण होता, चांगला वागला. 'व्हता'चं 'होता' करू का, विचारलं. मी म्हटलं, माझं काय ते करा, संतोषचे शब्द आहेत तसे ठेवा. त्यानं ठेवले. शेवटच्या परिच्छेदाला आला तेव्हा थांबला.

"बाई, हे बाजारातलं कशाला घालता? तुम्ही त्याला खोटं सांगितलंत, हे कुणी विचारलेलंच नाही. त्यांचा वकील तेवढंच धरून बसेल. सगळं तुमच्यावर ढकलेल. खोडू?"

वनिता समोर भिंतीकडे बघत होती. तिनं मान वळवली नाही. पण ऐकत होती.

"नको," मी म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

"विचार करा."

"केलाय."

प्रत निघाली. मी अक्षर न् अक्षर वाचलं आणि सही केली.

यातून काही निघणार नाही, हे मला दिसतं. संतोष मेला तो मेला. मॅडमना त्यांच्या कार्याबद्दल शाल-नारळ मिळतील. वकील मला खोटारडी बाई म्हणेल आणि त्यातलं अर्धं खरं असेल. तरी पुढच्या तारखेला मी जाणार. त्याच्या पुढच्याही. त्या जबाबातला एक शब्द मागे घेणार नाही. त्यांच्यावरचा नाही आणि माझ्यावरचाही नाही. सध्या मी एका हॉटेलात सफाईला आहे. त्या कामाची लाज त्यांनी माझ्या हातात दिली होती आणि मी ती झाकून ठेवली, तिच्यापायी एक माणूस गेला. आता झाकणार नाही. कुणी विचारलं, बाई तुम्ही काय करता, तर सांगते, संडास धुते. मोठ्यानं सांगते.